सण परदेशी जातो तेव्हा नेमकं काय जातं? औंधपासून सुरू होणारी एक नोंद

'परदेशस्थ मराठी कुटुंबांनी आपले सण जतन केले.' स्थलांतरावरच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. वाक्य खोटं नाही. पण ते गृहीतक म्हणून घेतलं तर संशोधन तिथेच संपतं. हे वाक्य चुकीचं ठरवणारा पुरावा कसा दिसेल? सांगता येत नाही. गणपती बसवला तर जतन केलं. शनिवारी बसवला तरी जतन केलं. मोदकाऐवजी पेढे ठेवले तरीही जतनच. प्रत्येक उत्तराला 'हो' म्हणणारा प्रश्न इतिहासाच्या कामाचा नसतो.

म्हणून या लेखात आपण 'सण' या शब्दाचे तुकडे पाडू आणि त्यातला कोणता तुकडा बोटीत किंवा विमानात बसतो, कोणता घरी राहतो, ते बघू. सुरुवात औंधपासून करू. यमाईच्या डोंगराचं हे गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत ते पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होतं. संस्थान सलग नव्हतं, तुकड्यातुकड्यांचं होतं: आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी आणि कुंडल हे भाग त्यात होते, आणि थेट विजापूरकडचं गुणदाळही होतं. गावं बहात्तर, आणि बराचसा मुलूख कमी पावसाचा. या मुलखातून दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची माणसं बाहेर पडली. एक राजघराण्यातला मुलगा, जो राजदूत झाला. दुसरी आटपाडी-खानापूर-खटावकडची गलाई कारागीर कुटुंबं, जी सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेली. दोघांचं वर्ष एकाच मातीत सुरू होतं. म्हणून तुलनेला हे गाव चांगलं.

आधी घरचं वर्ष नीट मांडा

परदेशातल्या सणांवर काम करणारे बरेच जण ही पायरी गाळतात. मूळ गावी तो सण कशाला बांधलेला होता, हे ठाऊक नसेल तर बाहेर गेल्यावर काय सुटलं ते दिसणारच नाही.

औंधच्या बाजूला बैलांचा सण बेंदूर. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावण अमावास्येला येतो. सातारा-सांगलीकडे महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर पेरणीच्या धबडग्यातून बैलांना जरा उसंत मिळते तेव्हा. मग भाद्रपदात गणपती, आश्विनात देवीचं नवरात्र. पौषात यमाईची यात्रा आणि रथ. पौषात या भागातल्या रानात शाळू हुरड्यावर येत असतो आणि हवा कोरडी, थंड असते. बाहेरून येणाऱ्या माणसाला मुक्काम करता येईल असे ते दिवस.

आता यातल्या कुठल्याही एका सणाकडे बघा. त्यात चार गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतील.

पहिली तिथी: पंचांगातला दिवस.
दुसरी ऋतू: त्या दिवशीचं हवामान, रानातलं पीक, बाजारातली भाजी.
तिसरी जागा: देऊळ, डोंगर, नदी, शेत.
चौथी सवड: कामातून मोकळीक.

गावात राहणाऱ्याला हे चार धागे वेगळे दिसत नाहीत. आषाढ म्हटला की पाऊस आला, बैल आले, उसंत आली. स्थलांतर झालं की ते उसवतात, आणि मग कुटुंबाला ठरवावं लागतं की कोणता धागा धरायचा. त्या ठरवण्याच्या खुणा तारखांत, नावांत आणि पाककृतींत मागे उरतात. संशोधकाला वाचायच्या आहेत त्या याच खुणा.

तिथी: दिसायला सगळ्यात हलकी

तिथी नेणं सोपं वाटतं. पंचांग बॅगेत टाकलं की झालं. प्रत्यक्षात पंचांग एका जागेपुरतं असतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. पण त्या तिथीचा सण कोणत्या दिवशी, हे स्थानिक सूर्योदय, मध्यान्ह, सूर्यास्त किंवा चंद्रोदय यावर ठरतं. गुढीपाडव्याला सूर्योदयाची प्रतिपदा लागते, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची चतुर्थी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची अमावास्या, संकष्टीला चंद्रोदय. म्हणून मुंबईचं पंचांग न्यू यॉर्कला जसंच्या तसं लावता येत नाही.

ताजं उदाहरण घ्या. २०२४ ची अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. कोणता प्रदोष धरायचा यावर भारतातच दोन मतं झाली. महाराष्ट्रात बहुतेकांनी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन केलं, इतर अनेक ठिकाणी ते ३१ ऑक्टोबरला झालं. न्यू यॉर्कमध्ये १ नोव्हेंबरच्या सकाळीच अमावास्या संपत होती, त्यामुळे तिथल्या आकाशाप्रमाणे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरचीच, नेमकी हॅलोविनची. आणि शहरातल्या सरकारी शाळांनी दिवाळीची पहिलीवहिली सुट्टी दिली ती १ नोव्हेंबरला. म्हणजे तिथल्या मराठी घरापुढे तीन पर्याय होते: गावाकडच्या आईवडिलांबरोबरचा दिवस, डोक्यावरच्या चंद्राचा दिवस आणि मुलांच्या शाळेचा दिवस. यातला दुसरा एकटा पडतो, पहिला आणि तिसरा योगायोगाने जुळतात. कुणी कोणता दिवस निवडला आणि का, हा मुलाखतीत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

एक सावधगिरी. 'घरी सगळे एकाच दिवशी करायचे, बाहेर गेल्यावर गोंधळ झाला' असं मात्र लिहू नका. घरीही एकमत नव्हतं. सोलापूरचं दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचं गणित वेगळं आहे. अधिक महिना वेगळा पडला की काही वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचा गणपती सगळा महिनाभर आधी येऊन जातो. मतभेद घरातूनच निघतो, प्रवासात त्याला नवी कारणं मिळतात इतकंच.

ऋतू: जो नेताच येत नाही

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. हा फरक तसाच सोडला असता तर आपली दिवाळी हळूहळू साऱ्या ऋतूंमधून फिरली असती. हिजरी कालगणनेत महिने तसे फिरतात. आपल्याकडे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ती सरक भरून काढतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: पंचांग करणाऱ्यांना ऋतू महत्त्वाचा होता. भाद्रपद पावसाळ्याच्या उत्तरार्धातच यावा यासाठी सारा खटाटोप आहे.

आता हेच पंचांग विषुववृत्ताच्या पलीकडे न्या.

मॉरिशसला १८३४ पासून करारबद्ध मजूर जाऊ लागले. एकूण सुमारे साडेचार लाख भारतीय तिथे उतरले. त्यातले मराठी बोलणारे मुख्यतः रत्नागिरीच्या बाजूचे. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला १७ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. जवळजवळ आरशातलं प्रतिबिंब. कोकणात भाद्रपद म्हणजे ओल, दूर्वा, लावणी आटोपून भात पोसायची वाट बघण्याचे दिवस. मॉरिशसमध्ये तोच भाद्रपद कोरड्या हिवाळ्याच्या शेवटाला येतो. मकरसंक्रांतीचं उत्तरायण तर पार उलटं: आपल्याकडे दिवस मोठा होऊ लागलेला असतो, तिथे लहान. थंडीतल्या तीळगुळाच्या दिवशी तिथे ऐन उन्हाळा आणि चक्रीवादळांचा मोसम.

म्हणजे अधिक महिना घालून जपलेला ऋतू एका समुद्रप्रवासात निघून गेला. तरी तिथे गणपती राहिला. १८९६ साली भिवाजी कुटुंबाने तिथला पहिला गणेशोत्सव केला असं सांगितलं जातं, आणि आज गणेश चतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. ऋतू सुटला तरी सण टिकला, म्हणजे तो दुसऱ्या कशावर तरी उभा राहिला असणार. कशावर, हे शोधायचं.

ऋतूच्या धाग्याची एक उलटी बाजूही आहे. बाहेरून आपल्याकडे आलेल्यांचं काय झालं? कोकणातल्या बेने इस्रायल समाजाकडे बघा. हिब्रू पंचांगही चांद्र-सौर आहे, त्यातही १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, त्यामुळे त्यांचे सण ऋतू धरून राहिले. पण ऋतू आता कोकणचा होता. अव महिन्याची नवमी हा जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या स्मृतीचा उपवासाचा दिवस. तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो. उपास सोडायला वालाचं बिरडं, म्हणून कोकणात त्याचं नाव 'बिरड्याचा सण'. त्यांच्यात 'खिरीचा सण' आहे, 'होळीचा सण'ही आहे. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या इतिहासात या परंपरा नोंदलेल्या आहेत. अर्थ हिब्रू, तिथी हिब्रू, नाव मात्र स्वयंपाकघराचं. जुन्या जागेचा ऋतू नेता येत नाही म्हणून नव्या जागेचा ऋतू सणाच्या नावात शिरतो. त्यामुळे तुमच्या विषयातल्या सणांची नावं बोलीतल्या रूपात नोंदवा, 'प्रमाण' करून टाकू नका. पुरावा त्या रूपातच असतो.

सवड: जिची किंमत कुणीतरी मोजतो

आता मॉरिशसच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. तिथे उसाची तोड साधारण जून ते डिसेंबर चालते. म्हणजे कोकणात शेतकऱ्याला थोडी मोकळीक असते त्या भाद्रपदात मॉरिशसच्या मळ्यावर कामाची सर्वांत जास्त निकड. शिवाय एकोणिसाव्या शतकात तिथे एक नियम होता: मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. इंग्रजीत याला 'डबल कट' म्हणत.

या नियमासमोर 'जतन' हा शब्द ठेवून बघा. तिथीला गणपती करायचा तर घरातल्या प्रत्येक कामकऱ्याने दोन दिवसांचा पगार सोडायचा. कराराच्या काळात सण न करणारा मजूर 'संस्कृती विसरलेला' होता का? की त्याने हिशेब केला होता? आणि पुढे करार संपलेले, थोडीफार जमीन किंवा स्वतःचं काम मिळवलेले लोक सण सुरू करतात तेव्हा तो श्रद्धेइतकाच सवड मिळाल्याचा पुरावा असतो. शेवटी देशाच्या कायद्यात ती सुट्टी येते. मजुरी कापली जाण्यापासून सार्वजनिक सुट्टीपर्यंतचा हा प्रवास राजकीय आहे, आणि 'जतन' म्हटलं की तो सगळा झाकला जातो.

शेतकऱ्याची सवड ऋतू देतो. मजुराची आणि नोकरदाराची सवड दुसरा माणूस देतो. तिचं नाव सुट्टी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, शिकागोचं १९६९ पासूनचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. जिथे सणाला सरकारी सुट्टी नाही तिथे मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारी होणार हे उघड आहे. त्याला 'पातळ झालेला सण' म्हणून मोकळं होऊ नका. शनिवार निवडल्याने सण घरातून सभागृहात गेला, एका कुटुंबाचा न राहता शंभर कुटुंबांचा झाला. त्यासाठी भाडं, वर्गणी, समिती, स्वयंपाकाची पाळी असं नवं काम निर्माण झालं. अनेक घरांत तिथीला छोटी पूजा आणि शनिवारी मोठा कार्यक्रम अशी दुहेरी रीत पडते. त्या छोट्या पूजेसाठी कामावरून लवकर कोण निघालं, आणि मोठ्या कार्यक्रमाच्या पुरणपोळ्या कुणी लाटल्या? स्मरणिकेत अध्यक्ष-सचिवांचे फोटो सापडतात. या दोन प्रश्नांची उत्तरं मुलाखतीतच मिळतात, आणि बहुतेक वेळा ती बायकांकडे असतात.

जागा: यात्रा बॅगेत बसत नाही

गणपती जगभर गेला. बेंदूर गेला नाही, कारण बैल गेले नाहीत. आणि यमाईची यात्राही गेली नाही, कारण डोंगर जात नाही. घरात होणारे सण आणि जागेवर होणारे सण यांत हा मोठा फरक आहे. घरच्या सणाला मूर्ती लागते आणि ती पाठवता येते. पेणच्या गणेशमूर्ती समुद्रमार्गे परदेशी जायच्या तर उत्सवाच्या कित्येक महिने आधी निघाव्या लागतात. परदेशातल्या भाद्रपदाची तयारी पेणमध्ये त्यामुळे फार आधी सुरू होते. यात्रेला मात्र माणसालाच यावं लागतं.

इथे गलाई कुटुंबं महत्त्वाची ठरतात. विटा, आटपाडी, खानापूर, खटाव, माण या पट्ट्यातली ही मंडळी दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत सराफ बाजारांत सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामात स्थिरावली. पासपोर्ट लागत नसला तरी भाषा, जेवण, शाळा, पंचांग सगळं परकं. केरळात तर वर्षच सौर, कोल्लम सनाचं. आपल्या अर्थाने ही कुटुंबं परदेशीच.

त्यांची सवड बघा. सोन्याची खरेदी कधी जोरात असते? दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्यतृतीया. म्हणजे गावाकडे जो सण तोच बाजारात धंद्याचा दिवस. ज्या दिवशी घरी असावं त्याच दिवशी भट्टी पेटती ठेवायची. मग गावी यायचं कधी? सातारा-सांगलीतल्या बऱ्याच गावांच्या यात्रा चैत्र-वैशाखात असतात, तेव्हा मुलांच्या शाळांनाही सुट्टी असते आणि लग्नसराईही असते. म्हणून अशा कुटुंबाच्या वर्षात गावाची यात्रा, जिला शहरी माणूस दुय्यम समजतो, दिवाळीपेक्षा मोठी होऊ शकते. गाव भरलेलं दिसतं ते यात्रेला.

हेच युरोप-अमेरिकेतल्या घराला लावून बघा. त्यांना लांब सुट्टी मिळते ती नाताळात. यमाई कुलदैवत असलेलं कुटुंब औंधला येणार ते डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. पौष पौर्णिमा २०२४ मध्ये २५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १३ जानेवारीला, २०२६ मध्ये ३ जानेवारीला. म्हणजे पौषाचे दिवस आणि नाताळची सुट्टी काही वर्षी जवळ येतात, काही वर्षी दूर जातात. दूर गेल्या वर्षी रथ न बघता नुसतं दर्शन घेऊन, ओटी भरून परत. ऑस्ट्रेलियातल्या घराला ही अडचण कमी, कारण तिथे जानेवारी हीच उन्हाळ्याची सुट्टी. एकाच गावाच्या, एकाच कुळाच्या दोन घरांचा देवीशी संबंध असा शाळेच्या वेळापत्रकावरून वेगळा होतो.

राजदूताचं घर

आता त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि त्याच वर्षी अप्पासाहेब भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. १९५४ पर्यंत ते पूर्व आफ्रिकेत होते. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली.

मुत्सद्द्याच्या घरात निदान तीन कॅलेंडरं असतात. घरचं पंचांग, सरकारी दिवस (२६ जानेवारी, १५ ऑगस्ट) आणि यजमान देशाचं वर्ष. ती एकमेकांवर ठेवून बघणं हे संशोधनाचं एक साधं पण उपयोगी तंत्र आहे. करून दाखवतो.

नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपली पाऊस सरल्यावरची दिवाळी तिथे पाऊस येण्याच्या वेळेला. आता साल घ्या १९५२. त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन १८ ऑक्टोबर, शनिवार. पाडवा १९ ला, रविवारी. भाऊबीज सोमवारी, २० ऑक्टोबरला. आणि २० ऑक्टोबर १९५२ ही केनियाच्या इतिहासातली कुठलीही साधी तारीख नाही: त्या संध्याकाळी गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांनी माऊ माऊ उठावाविरुद्ध आणीबाणी जाहीर केली. रात्र सरता सरता जोमो केन्याटांना अटक झाली. दिवाळीचा शेवटचा दिवस आणि आणीबाणीचा पहिला दिवस एकच.

केनियाच्या राजकीय इतिहासात ही नोंद सापडणार नाही, कारण तो लिहिणारा पंचांग उघडत नाही. सणांच्या इतिहासात आणीबाणी सापडणार नाही, कारण तो लिहिणाऱ्याला राजकारण विषयाबाहेरचं वाटतं. पण नैरोबीतल्या भारतीय घराने तो दिवस एकाच देहाने काढला. कुणाच्या बाजूने उभं राहायचं हा प्रश्न त्या समाजापुढे होता. पुढे केन्याटांच्या खटल्यात बचावाच्या वकिलांमध्ये भारतीयही होते. आणि आफ्रिकी नेत्यांशी जवळीक ठेवली म्हणून वसाहती सरकारची अप्पासाहेबांवर नाराजी होती. तारखा शेजारी ठेवल्याने कारण सिद्ध होत नाही, हे लक्षात असू द्या. पण पुढचे प्रश्न सुचतात: पुढच्या वर्षीच्या दिवाळीला आकाशकंदील लागले का, रात्री एकमेकांकडे जाणं-येणं झालं का, सभा घ्यायला परवानगी लागत होती का? आता तुमच्याकडे दप्तरखान्यात जाण्यासाठी ठोस वर्ष आणि ठोस आठवडा आहे.

नेण्याजोगं कोण करतं?

औंधमधून एक गोष्ट मात्र विनासायास जगभर गेली: सूर्यनमस्कार. बाळासाहेबांनी ते संस्थानच्या शाळांत लावले, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये लंडनच्या वाचकांसाठी लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्याची नवी आवृत्ती निघाली. १९७० मध्ये, ब्रिटनमध्ये उच्चायुक्त असताना, अप्पासाहेबांचंही सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक आलं.

चार धागे लावून बघा. तिथी लागत नाही, रोजचं आहे. देऊळ लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते. सुट्टी लागत नाही, थोडा वेळ पुरतो. ऋतूही लागत नाही. अप्पासाहेब १९६४ ते १९६६ नॉर्वेत होते. ओस्लोत संक्रांतीच्या दिवशी सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. तिथे सूर्योदयाचा नेम घड्याळावरच ठेवावा लागतो. त्यांच्या कन्या, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत, १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत होत्या. तिथल्या १४ जानेवारीला तर सूर्य मावळतच नाही. सूर्योदयच नसलेल्या ठिकाणी सूर्योदयाची तिथी कुठून काढणार? आपल्या पंचांगाची कड तिथे लागते.

यातून एक मुद्दा निघतो आणि माझ्या दृष्टीने तोच या नोंदीचा गाभा आहे. एखादी प्रथा आपोआप 'नेण्याजोगी' नसते. कुणीतरी ती तशी करतो: मोजून, छापून, जागेपासून सोडवून. सूर्यनमस्काराला राजा मिळाला, छापखाना मिळाला. गणपतीला सार्वजनिक उत्सव आणि पेणचे कारखाने मिळाले. बेंदराला कुणी मिळालं नाही. म्हणून परदेशातलं मराठी वर्ष बघून 'हीच आपली संस्कृती' असा निष्कर्ष काढला तर बैल, डोंगर आणि रान यांना बांधलेलं निम्मं वर्ष, आणि ते जगणारी माणसं, नकळत हिशेबाबाहेर जातात. पुढची पिढी मग त्या निम्म्यालाच पूर्ण समजते. गावातसुद्धा.

तुमच्या कामासाठी

पहिलं, विषय घेतलेल्या कुटुंबाच्या किंवा समाजाच्या एका वर्षाचा तक्ता करा. आडवे रकाने सहा: सण, घरच्या पंचांगाचा दिवस, प्रत्यक्ष केल्याचा दिवस, तिथलं हवामान, जागा, सवड कुणी दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात फरक दिसला की थांबा. प्रकरण तिथे आहे.

दुसरं, रिकाम्या ओळी पुसू नका. 'बेंदूर: नाही' हीसुद्धा नोंद आहे. न केलेल्या सणांची यादी अनेकदा केलेल्यांपेक्षा जास्त सांगते.

तिसरं, मुलाखतीत 'तुम्ही सण कसे जपले?' असं विचारू नका. उत्तर प्रश्नातच आहे. 'मागच्या गणपतीला वार कोणता होता? रजा कुणी काढली? नारळ कुठून आणला? विसर्जन कशात केलं?' असं विचारा. वारापासून सुरुवात केली की माणूस आठवू लागतो.

चौथं, साधनं घरात शोधा. भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहिलेली शाळेची सहल, दुधाचा हिशेब, डॉक्टरची वेळ. त्या चौकटीत दोन वर्षं एकत्र राहत असतात. असे कागद वापरण्याआधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या, आणि प्रबंधात नावं बदला.

पाचवं, तारखेची पडताळणी स्वतः करा. आठवणीत 'दिवाळीच्या दिवशीच' असं आलं की त्या सालाचं पंचांग काढून बघा. जुळलं तर आठवणीला बळ मिळतं. नाही जुळलं तर माणूस खोटं बोलतोय असं समजू नका. त्याने दोन दिवस एकत्र का आणले, हा नवा प्रश्न समजा.

हे सगळं केल्यावर कदाचित तुमच्या प्रबंधातही शेवटी 'जतन' हा शब्द येईल. येऊ द्या. फक्त त्याच्या शेजारी तारीख, वार आणि कापलेल्या मजुरीचा आकडा असू द्या.